शिल्लकरावांचा जिवंत साठा

घरात पाल दिसली की केरसुणी उचलायची, हा नियम शिल्लकरावांच्या घरी त्यांच्या लग्नापासून पाळला जात होता. आणि त्याच घरात, हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, काचेच्या पेटीत, वरून ऊब देणारा दिवा लावून एक पाल बसवण्यात आली. बायकोनं आधी केरसुणीकडे पाहिलं, मग पालीकडे पाहिलं आणि शेवटी नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की शिल्लकरावांनी स्वतःच उठून केरसुणी माळ्यावर टाकली.

पाल साधीसुधी नव्हती. पिवळी, अंगभर काळे ठिपके, शेपटी गाजरासारखी जाडजूड आणि चेहऱ्यावर कायमचं हसू. शिवाय तिला भिंतीवर चढता येत नव्हतं. ज्या पालीला भिंतीवर चढता येत नाही तिला पाल का म्हणायचं, हा बायकोचा प्रश्न बिनतोड होता, पण तो विचारायचा कुणाला? पाल लेकीची होती, आणि लेक परगावी नोकरीला निघून गेली होती. तिकडचा घरमालक पाळीव प्राणी ठेवू देत नाही म्हणून तिनं पाल बाबांच्या हवाली केली. नाव राणीसरकार. जेवण म्हणजे जिवंत रातकिडे. मेलेला किडा राणीसरकारांना चालत नसे.

शिल्लकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, पट्टे, वंगण, जे काही कारखान्याला लागतं ते त्यांच्या जाळीमागे रचलेलं असे. त्यांचं एकच तत्त्व होतं: शेवटचा नग कधीही द्यायचा नाही. शेवटचा बोल्ट मागायला आलेला फोरमन अख्खं मशीन बंद पडलेलं असलं तरी रिकाम्या हातानं परत जायचा. 'शिल्लक म्हणून काही हवी की नको?' असं ते वर त्यालाच विचारायचे. कारखान्यानं त्यांना शिल्लकराव हे नाव दिलं, ते तिथून त्यांच्या मागोमाग घरी आलं आणि आता सोसायटीच्या पाटीवर 'सेक्रेटरी' या शब्दासमोर त्यांचं खरं नाव लिहिलेलं असूनही ते कुणी वाचत नव्हतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचा सगळा वेडेपणा समजेल. शिल्लकरावांचं लेकीवर जिवापाड प्रेम होतं, पण तिच्याशी बोलायचं काय, हे त्यांना कधी उमगलं नाही. ती घर सोडून गेल्यावर पहिले काही आठवडे फोनवर त्यांच्या वाट्याला तीन प्रश्न यायचे. जेवलात का, बरे आहात ना, आई आहे का जवळ. की लगेच फोन बायकोकडे. बायको तासभर बोलायची आणि शिल्लकराव पेपर समोर धरून तिची एक बाजू ऐकत बसायचे. राणीसरकार आल्या आणि चित्र पालटलं. रविवारी सकाळी लेक आता खास बाबांनाच फोन करू लागली. किती खाल्लं, कात कधी टाकली, पाणी बदललं का, पेटी कोमट आहे ना. शिल्लकराव चष्मा लावून सविस्तर उत्तरं द्यायचे. एकदा तर लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही किती नीट सांगता हो!" त्या दिवशी दिवसभर ते घरात शीळ घालत फिरत होते, आणि बायकोला वाटलं कुकरला काहीतरी झालं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. रातकिडे कोपऱ्यावरच्या मासेवाल्याकडे मिळायचे. मासेवाला म्हणजे काचेच्या टाकीतले शोभेचे मासे विकणारा. एके दिवशी शिल्लकराव डबा घेऊन गेले तर तो माशांना खाणं घालता घालता, मान वर न करता म्हणाला, "आज माल नाही. पुढच्या आठवड्यात बघू."

माल नाही! जे वाक्य त्यांनी आयुष्यभर इतरांना ऐकवलं होतं, ते त्यांना कुणीतरी ऐकवत होतं.

"बघू म्हणजे? ती काय उपाशी राहणार?"

"घरीच करा की," मासेवाला म्हणाला. "काही नसतं हो त्यात. एक खोका, अंड्यांचे चार ट्रे लपायला, वाटीभर ओली माती अंडी घालायला. बाकी त्यांचं ते बघतात."

बाकी त्यांचं ते बघतात. माणसानं हे वाक्य ऐकून तिथेच हात जोडून परत फिरायला हवं. शिल्लकराव मात्र अंड्यांचे ट्रे मागायला वाण्याकडे गेले.

खोके ठेवले लेकीच्या खोलीत. "ती तिची खोली आहे!" बायको म्हणाली. "म्हणूनच," शिल्लकराव म्हणाले. पुस्तकांच्या फडताळात खोके ओळीनं लागले, झाकणांना जाळी बसली, आणि प्रत्येकावर स्वच्छ अक्षरात चिठ्ठ्या चिकटल्या: बारीक, मध्यम, मोठे, राखीव. काही आठवड्यांनी एका खोक्यावर 'अतिराखीव' अशी चिठ्ठी दिसू लागली. बायकोनं विचारलं तेव्हा शिल्लकराव म्हणाले, "समजा, राखीव संपले तर?"

इथेच त्यांची चूक झाली, आणि ती एखाद्या स्टोअरकीपरच्याच हातून होऊ शकते. बोल्ट रचून ठेवले तर ते निमूट पडून राहतात. कपाटात बोल्टांना बोल्ट होत नाहीत. रातकिड्यांना मात्र शिल्लक ठेवलं की ते मातीच्या वाटीभोवती जमतात, मादी शेपटाची सुई मातीत खुपसते आणि थोड्याच दिवसांत मोहरीच्या दाण्याएवढी पिल्लं भाताच्या वाफेसारखी वर येतात. शिल्लकराव त्यांना गाजराचे काप घालायचे, कोंडा घालायचे, आणि रोज संध्याकाळी भिंग घेऊन पाहणी करायचे. बायकोला ते अधूनमधून हाक मारायचे, "अगं, बघ तरी, किती गोड आहेत!" ती कधी आली नाही. एकदा फ्रिज उघडल्यावर भाजीच्या कप्प्यात तिला एक डबा हलताना दिसला. थंडीत ते जरा शांत राहतात, असा खुलासा आतल्या खोलीतून आला. त्यावर बायकोनं जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

तरीही निभावलं असतं. पण थंडी पडली आणि राणीसरकारांनी अन्न सोडलं.

समोर रातकिडा सोडला की त्या पूर्वी शेपटीचं टोक हलवून झडप घालायच्या. आता रातकिडा नाकावरून चालत गेला तरी डोळे मिटून घ्यायच्या. शिल्लकरावांनी बारीक देऊन पाहिले, मोठे देऊन पाहिले, चिमट्यानं तोंडासमोर नाचवून पाहिले. काही उपयोग झाला नाही. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पालीच्या काळजीनं पळालं हे खरंच, पण आणखी एक गोष्ट होती. जाताना लेक म्हणाली होती, "तिनं खाणं सोडलं तर मात्र लगेच सांगा हं बाबा. मी येऊन घेऊन जाईन, इकडे काहीतरी सोय करीन." पाल गेली की रविवार गेला. मग पुन्हा जेवलात का, बरे आहात ना.

त्या रविवारी लेकीनं विचारलं, "किती खाल्लं?"

"दोन," शिल्लकराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोटी जावक सांगितली होती. पुढच्या रविवारी त्यांनी "तीन" सांगितलं, कारण प्रगती दिसायला हवी. आणि लेकीनं व्हिडिओवर पेटी दाखवा म्हटलं की म्हणायचे, "झोपल्यात आत्ता, उगीच उठवायला नको."

आवक चालू, जावक बंद. कुठल्याही गोदामाचं अशानं जे होतं तेच झालं. शिवाय हा माल आता गाऊ लागला होता.

रातकिड्यांचे नर मोठे झाले की पंखावर पंख घासून गातात. एक गायला तर रानात आल्यासारखं वाटतं. फडताळभर गायले की दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. दिवेलागण झाली की लेकीच्या खोलीतून असा काही सूर लागायचा, की शिल्लकराव टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि मग टीव्हीच्या आवाजाबद्दल स्वतःच सोसायटीत लावलेल्या सूचनेची त्यांना आठवण व्हायची.

कारण सोसायटीत आवाज झालेला ज्यांना खपत नाही ते सेक्रेटरी म्हणजे शिल्लकरावच. रात्री खुर्ची ओढू नये, दार आपटू नये, मिक्सर दुपारी लावू नये, अशा त्यांच्या सूचनांनी जिन्याची भिंत भरली होती. साहजिकच तक्रार घेऊन सगळे त्यांच्याचकडे आले.

"पाण्याचा पंप आहे," खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई ठामपणे म्हणाल्या. त्या ठामपणे बोलायला लागल्या की समोरचा माणूस आपोआप हाताची घडी घालून उभा राहायचा. "बेअरिंग गेलं असणार."

"वायरिंग आहे," खजिनदार म्हणाले. "असा आवाज यायला लागला की समजायचं, कधीही आग लागेल. आमच्या मेव्हण्याच्या बिल्डिंगमध्ये असंच झालं."

"आग लागली?"

"नाही, पण लागली असती."

शिल्लकराव गंभीर चेहऱ्यानं मान डोलावत होते. पंपवाल्याला बोलावण्यात आलं, त्यानं पंप उघडला, पंप ठणठणीत होता, आणि पुन्हा बसवल्यावर तो बिघडला. दोन दिवस सगळी बिल्डिंग बादल्या वाहत होती, आणि सगळ्यांबरोबर शिल्लकरावही वाहत होते. त्यांनी इतरांपेक्षा जास्त वाहिल्या, कारण मन खात होतं.

खरं मनानं खाल्लं ते वरच्या मजल्यावरच्या आजोबांमुळे. आजोबांना कानात यंत्र घालावं लागे. संध्याकाळ झाली की यंत्र शीळ घालायला लागतं, म्हणून ते दोनदा दुकानात जाऊन आले. दुकानदार म्हणाला, यंत्रात काही दोष नाही, वय झालं आजोबा. तेव्हापासून त्यांनी यंत्र काढून खिशात ठेवलं. जिन्यात भेटले की ते नुसतं हसायचे आणि कुणी काहीही बोललं तरी "हो, हो" म्हणायचे. एकदा शिल्लकरावांच्या जिभेवर खरं आलंही होतं. पण आजोबांना ऐकू जाण्याइतक्या मोठ्यानं ते सांगायचं म्हणजे साऱ्या बिल्डिंगला सांगण्यासारखं झालं असतं.

"गरम पाणी ओता," बायको म्हणाली.

"जिवंत मालावर?" शिल्लकरावांना ऐकवेना. नोकरीत त्यांना एक काम कधीच जमलं नव्हतं, ते म्हणजे माल भंगारात काढणं. गंजलेला खिळासुद्धा 'कधीतरी लागेल' म्हणून ते ठेवून घेत. इथे तर त्यांनी दाण्याएवढ्यापासून वाढवलेले जीव होते. गाजराचा काप ठेवला की ते हातावर चढायचे. पाणी ओतणं त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं.

मग वाटप सुरू झालं. पहिला गाठला मासेवाला. तो म्हणाला, "आता माझ्याकडेच ढीग पडलाय. तुम्ही घेता का थोडे? स्वस्तात लावतो." खजिनदारांना त्यांनी आडून विचारलं, "माझ्या एका मित्राकडे किडे फार झालेत, काय करावं?" खजिनदार म्हणाले, "मित्राला सांगा, घर जरा स्वच्छ ठेव." हा घाव शिल्लकरावांनी मुकाट्यानं सोसला. सकाळी बागेत सोडून यावेत म्हणून शर्टाच्या आत डबा धरून ते निघाले, तर नेमके बागेच्या फाटकाशी खजिनदारच भेटले आणि "चला, बरोबर फेऱ्या मारू," म्हणाले. फेऱ्या मारता मारता शिल्लकरावांचं पोट गाऊ लागलं. "ॲसिडिटी का?" खजिनदारांनी सहानुभूतीनं विचारलं, आणि घरापर्यंत पथ्यं सांगत आले.

शेवटी ते अर्धी रजा टाकून प्राणिसंग्रहालयाच्या कार्यालयात गेले. तिथे इतके पक्षी, इतके सरडे, त्यांना खाऊ देतो म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? टेबलामागच्या कारकुनानं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे प्राणी म्हणून देताय की खाद्य म्हणून?"

"काय फरक पडतो?"

"प्राणी म्हणून दिलेत तर प्रत्येकाचा आरोग्याचा दाखला लागेल. खाद्य म्हणून दिलेत तर वजनावर घेतो, पण ते तागडीत स्थिर राहायला हवं."

"ते उड्या मारतात हो."

"मग प्राणी धरावे लागतील. नग किती?"

शिल्लकरावांनी डब्याकडे पाहिलं. आयुष्यभर ज्यांच्या जिभेवर प्रत्येक वॉशरचा आकडा होता, त्यांना आपल्याच घरातला साठा सांगता येत नव्हता.

"मोजून आणा," कारकून म्हणाला. "अंदाजपंचे माल आम्ही दाखल करून घेत नाही."

शिल्लकरावांना राग यायला हवा होता. पण त्यांच्या डोळ्यांत आदर दाटून आला. समोरच्या खुर्चीत त्यांच्याच जातकुळीचा माणूस बसला होता, आणि त्याच्या जागी ते असते तर त्यांनीही नेमकं हेच केलं असतं. त्यांनी नमस्कार केला आणि डबा घेऊन परत आले.

इकडे शिक्षिकाबाईंनी आवाजाच्या प्रश्नावर सभा बोलावली. सभा नेहमीप्रमाणे सेक्रेटरींच्या हॉलमध्ये, आणि वेळ नेमकी रविवार सकाळची. शिल्लकरावांनी पहाटेपासून लेकीच्या खोलीच्या दाराच्या फटींत गोधड्या कोंबल्या होत्या. रातकिड्यांना दिवसच वाटावा म्हणून आतला दिवा लावून ठेवला होता. पण काय झालं कुणास ठाऊक, गोधड्यांच्या उबेनं असेल किंवा सभेच्या उत्साहानं असेल, खजिनदारांनी "आता आपण मुद्द्यावर येऊ," म्हटलं आणि आतून एकानं सूर लावला.

दुसऱ्यानं साथ दिली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून मिक्सरचा घरघराट सुरू झाला. भांड्यात काहीच नव्हतं. गरम पाणी ओता म्हणणारी बायको रिकामा मिक्सर फिरवत उभी होती, आणि हे कळलं तेव्हा शिल्लकरावांना तिच्याबद्दल जे वाटलं ते लग्नानंतर क्वचितच वाटलं असेल.

"वहिनी, बंद करा तो मिक्सर!" शिक्षिकाबाई कडाडल्या. मिक्सर बंद झाला. आता आत अख्खा वाद्यवृंद चालू होता.

"आवाज इथूनच येतोय," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

"तिथे मुलीचं सामान आहे," शिल्लकराव दारासमोर हात पसरून उभे राहिले.

"वायरिंग!" खजिनदार ओरडले. "म्हटलं नव्हतं मी? सरका, सेक्रेटरी, तुमच्या जिवाला धोका आहे!" आणि शिल्लकरावांच्या काळजीपोटीच त्यांनी त्यांना बाजूला ओढून दार ढकललं. दार गोधड्यांत अडकलं. त्यांनी खांदा लावला. दार धाडकन उघडलं, फडताळाला जाऊन आपटलं, आणि सगळ्यात वरच्या कप्प्यातला 'अतिराखीव' खाली आला. येताना त्यानं राखीव, मोठे आणि मध्यम यांनाही बरोबर घेतलं.

त्यानंतर हॉलमध्ये जे झालं त्याला सभा म्हणता येणार नाही. शिक्षिकाबाई सोफ्यावर उभ्या राहिल्या. खजिनदारांच्या बाहीतून दोन आत गेले आणि कॉलरमधून एक बाहेर आला, दुसऱ्याचा तपास लागेना. चहाचे कप लवंडले, बिस्किटांवर गर्दी जमली. एक रातकिडा राणीसरकारांच्या पेटीत पडला आणि थेट त्यांच्या डोक्यावर जाऊन बसला. राणीसरकारांनी डोळे मिटून घेतले.

या सगळ्यात फक्त आजोबा आपल्या खुर्चीत शांत बसले होते. आधी त्यांनी मांडीवर आलेल्या रातकिड्याकडे नीट पाहिलं. मग खिशातून यंत्र काढलं, कानात बसवलं, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"अहो, हे गातायत!" ते म्हणाले. "म्हणजे माझं यंत्र चांगलं आहे!"

आणि फोन वाजला. बायकोनं सवयीनं उचलला आणि पडद्यावर लेक दिसू लागली. तिच्या समोर सोफ्यावर उभ्या शिक्षिकाबाई, शर्ट झटकत नाचणारे खजिनदार आणि जमिनीवर गुडघे टेकून अंड्यांच्या ट्रेमध्ये रातकिडे गोळा करणारे तिचे बाबा होते.

"बाबा, हे काय चाललंय?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "साठा सुटला," शिल्लकराव म्हणाले. "राणीसरकार खात नाहीत. बरेच दिवस झाले."

"मग दोन खाल्ले, तीन खाल्ले, ते?"

"ते खोटं होतं."

"पण का बाबा? मी म्हटलं होतं ना, लगेच सांगा म्हणून!"

हॉलमध्ये माणसं होती, फोन मोठ्या आवाजावर होता, आणि शिल्लकराव चारचौघांत मन मोकळं करणाऱ्यांतले नव्हते. पण गुडघ्यावर बसलेल्या, अंगावर रातकिडे चढलेल्या माणसाची आणखी काय अब्रू जायची राहिलेली असते?

"सांगितलं असतं तर तू तिला घेऊन गेली असतीस," ते म्हणाले. "मग तू मला कशाला फोन केला असतास?"

खजिनदार नाचायचे थांबले. लेकीनं पडद्यावरून तोंड फिरवलं होतं, आणि नाक ओढल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"थंडीत त्या खातच नाहीत, बाबा," ती शेवटी म्हणाली. "महिना महिना खात नाहीत. शेपटीत साठवलेलं असतं त्यांच्या. मी सांगायला विसरले."

"शेपटीत साठा असतो?" शिल्लकरावांनी वळून राणीसरकारांकडे पाहिलं. त्या नजरेत नवाच मान होता.

"आणि दुसरं एक," लेक म्हणाली. "घरमालक नाही म्हणाला, असं मी सांगितलं होतं ना? मी त्याला कधी विचारलंच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मला ती इथे आणता आली असती. पण तुमच्याशी फोनवर काय बोलायचं, मला कधी कळायचंच नाही. दर वेळी वाटायचं, बोलावं, आणि मग आईलाच फोन द्यायला सांगायचे. म्हटलं, हिला ठेवून जावं. हिच्या निमित्तानं तरी बाबा बोलतील."

शिल्लकरावांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला, तरी त्यांना काही नीट दिसेना. बायकोनं फोन त्यांच्या हातात दिला आणि पदराचं टोक डोळ्यांना लावून ती स्वयंपाकघरात गेली. ते तिथेच जमिनीवर मांडी घालून बसले. काय बोलावं ते त्यांना आताही सुचत नव्हतं. पाल सोडून लेकीला विचारायचा एक प्रश्न ते शोधत होते, आणि सगळी सभा श्वास रोखून त्यांना शोधू देत होती.

"तू ऑफिसला जातेस ना रोज," त्यांनी घसा साफ केला. "ते कसं जातेस? बसनं?"

"चालत जाते बाबा," लेक म्हणाली. "जवळच आहे. वाटेत एक मोठा उतार आहे, आणि तिथे ना, एक चपला शिवणारे काका बसतात, त्यांनी परवा काय केलं, सांगू?"

"सांग की," शिल्लकराव म्हणाले.

ती सांगू लागली. खजिनदारांनी शिल्लकरावांचा रातकिड्यांनी भरलेला ट्रे उचलून हातात धरला होता. त्यांनी काही विचारायला तोंड उघडलं, तर शिक्षिकाबाईंनी सोफ्यावरूनच ओठांवर बोट ठेवलं. आजोबांनी कानातलं यंत्र जरा नीट बसवलं आणि ते पुढे झुकून ऐकू लागले. मग शिक्षिकाबाई हळूच खाली उतरल्या, पदर खोचून जमिनीवर बसल्या आणि आवाज न करता एकेक रातकिडा उचलून खोक्यात ठेवू लागल्या.